ताडपत्री उडत नाही, दोरी सुटते!

मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी कविता भरपूर येतात, आईवरचे लेख येतात, होस्टेलच्या मेसवरचे विनोद तर येतातच येतात. यावर्षी मी ठरवलं की आपण दोरीवर लिहायचं. हो, दोरीवरच! साधी, बाजारात वजनावर मिळणारी दोरी. हसू नका. इंजिनिअरिंगची तीन वर्षं झाली, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचा पेपर सुटला, पण ताडपत्री बांधायला कुठली दोरी घ्यायची हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'बोलाइन' आणि 'क्लोव्ह हिच' हे शब्द मला गाइडच्या पुस्तकातून आधी कळले, आणि निरगाठ व सुरगाठ यांतला फरक कळला तो बराच नंतर, मामाच्या शेतात. मराठी लिहिताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

हा विषय आपल्या वाशीम जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. कारण इथे ताडपत्री ही हौशी कॅम्पिंगची वस्तू नाही. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीनची सोंगणी सुरू होते, शेतात सुड्या लागतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येतो. थ्रेशर मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस त्या सुडीचा जीव एका ताडपत्रीखाली असतो. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला येणारी माणसं पाल ठोकून राहतात, आठवडी बाजारातले दुकानदार दर आठवड्याला पाल उभारतात आणि उतरवतात, आणि आपल्या एन.एस.एस.च्या सात दिवसांच्या शिबिरात स्वयंपाकाच्या जागेवर ताडपत्री बांधायचं काम नेहमी 'मेकॅनिकलवाल्यांनो, तुम्ही करा' म्हणून आपल्याकडेच येतं.

आधी पैशांचा हिशोब करू. समजा पाच एकरांचा माल एका सुडीत आहे आणि एकरी सहा क्विंटल उतारा धरला. झाले तीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. म्हणजे त्या ताडपत्रीखाली १,५९,८४० रुपये आहेत! माल भिजला की दाणे काळे पडतात, शेंगेतच कोंब फुटतात, आणि ओलावा वाढतो तो वेगळाच. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात पाऊस लांबल्यामुळे केंद्र सरकारला नोव्हेंबरमध्ये ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती. तर असा हा दीड लाखाचा माल, त्यावर काही हजारांची ताडपत्री, आणि ती बांधलेली कशाने? घरात सापडलेल्या सुतळीने!

माझे मामा मालेगाव तालुक्यात शेती करतात. त्यांचं एक वाक्य मी या लेखाचं शीर्षकच करून टाकलं आहे. ते म्हणतात, "अरे लेका, ताडपत्री नाई उडत, दोरी सुटते." आता हे वाक्य आपण इंजिनिअरिंगच्या भाषेत तपासून पाहू.

वाऱ्याचं गणित

आपले सिव्हिलवाले मित्र आयएस ८७५ च्या भाग ३ मधून वाऱ्याचा दाब काढतात. सूत्र सोपं आहे. दाब बरोबर ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं.

वारा १० मीटर प्रति सेकंद असेल, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, तर दाब येतो ६०. किलोच्या भाषेत चौरस मीटरला साधारण ६ किलो. वेग दुप्पट केला, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. २४० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला जवळपास २४ किलो. समृद्धी महामार्गावर ताशी ७२ च्या वेगाने जाणाऱ्या ट्रकची ताडपत्री हा वारा दिवसभर सोसते. म्हणूनच ट्रकवाले दोर बांधताना चेष्टा करत नाहीत.

आता ४ मीटर बाय ५ मीटरची ताडपत्री घेऊ. क्षेत्रफळ २० चौरस मीटर. वारा तिला खालून उचलतो किंवा वरून ओढून घेतो. आकारानुसार यात गुणक लागतात, पण अंदाजासाठी गुणक १ धरू. ताशी ७२ किलोमीटरच्या झोतात एकूण जोर ४,८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४९० किलो. ताडपत्री दहा ठिकाणी बांधली असेल तर प्रत्येक दोरीच्या वाट्याला सरासरी ४९ किलो.

पण 'सरासरी' हा शब्द फसवा आहे. मेसच्या वरणात सरासरी डाळ असते तशीच ही सरासरी. वारा ज्या बाजूने येतो तिथल्या दोन-तीन दोऱ्यांवर जास्त भार येतो. दुप्पट धरला तर १०० किलो. शिवाय वारा हळूहळू वाढत नाही, झोत एकदम येतो. सेकंड इयरला शिकलेलं आठवा: अचानक लावलेल्या भाराने ताण दुप्पट होतो. झाले २०० किलो. आणि दोरीला गाठ मारली की तिची ताकद साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने घटते, कारण गाठीत दोरी तीव्र वळते आणि बाहेरच्या बाजूच्या धाग्यांवर सगळा भार येतो. म्हणजे दुकानात घेताना निदान ४०० किलोला तुटणारी दोरी हवी. सरासरी ४९ वरून आपण ४०० वर आलो, आणि यात दोरी जुनी होण्याचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

म्हणजे मामांचं बरोबर आहे. विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीत भार सगळीकडे पसरतो. दोरीत, कडीत आणि मेखेत तो एका जागी गोळा होतो. फाटतं किंवा सुटतं ते तिथेच.

दोऱ्यांची ओळखपरेड

सुतळी म्हणजे ताग. स्वस्त, गाठ घट्ट बसते, सूर्यप्रकाशाने लगेच खराब होत नाही. पण ताग पाणी पितो. साध्या हवेतसुद्धा तो वजनाच्या १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो. पावसात राहिला की कुजतो. पोत्याचं तोंड शिवायला सुतळी उत्तम, ताडपत्रीला नको.

अंबाडीचा दोर आपल्याकडचा जुना. वऱ्हाडात शेताच्या धुऱ्याला अंबाडी लावायची, भाजी खायची, मग काड्या पाण्यात कुजवून वाख काढायचा आणि दोर वळायचे. या पीळ दिलेल्या नैसर्गिक दोरांची एक गंमत आहे. भिजले की ते आखडतात. धागा पाण्याने जाड होतो, जाड धाग्याला वेढा घालायला पिळातली लांबी जास्त खर्च होते, म्हणून दोर लांबीला कमी होतो. त्यामुळे पावसात अंबाडीने बांधलेलं पाल आपोआप ताठ होतं. पण तेच जास्त ताणून बांधलं असेल तर मेख उपटते किंवा कडी फाटते. म्हणून जुनी माणसं पावसाआधी दोर थोडा सैल करून ठेवत.

प्लास्टिकची दोरी म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन. पिवळी, निळी, हिरवी, वजनाला हलकी, पाण्यावर तरंगते. ओलावा शोषतच नाही, त्यामुळे भिजली तरी लांबी तीच. चांगल्या प्रतीची ६ मिलिमीटरची दोरी नवी असताना ५०० किलोच्या वर भार घेते. म्हणजे आपल्या गणितात बसते. दोष दोन. एक, ती गुळगुळीत असते, साधी गाठ सरकते, म्हणून एक वेढा जास्त द्यावा लागतो. दोन, ऊन. अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात. हाताने चोळल्यावर पांढरी भुकटी पडली, धागे टोचायला लागले, की ती दोरी मेली समजा. विदर्भातल्या दोन उन्हाळ्यांनंतर तिच्यावर दीड लाखाचा माल सोपवू नका.

नायलॉन म्हणजे १९३५ साली वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत बनलेला धागा. मजबूत आणि ताणला जाणारा. झोताचा धक्का तो स्वतःच्या लांबण्यात पचवतो. पण नायलॉनही पाणी घेतो, साध्या हवेत ४ टक्क्यांच्या आसपास आणि भिजल्यावर त्याहून जास्त. आणि इथे गंमत उलटी आहे: नायलॉन भिजला की सैल होतो, शिवाय थोडी ताकदही गमावतो. संध्याकाळी ताठ बांधलेली ताडपत्री सकाळी दवाने झोळीसारखी लोंबलेली दिसते, ती यामुळेच. दोष बांधणाऱ्याचा नसतो, बिचाऱ्याला उगाच शिव्या बसतात.

पॉलिएस्टर १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी बनवला. ओलावा फक्त ०.४ टक्के, ताण नायलॉनपेक्षा बराच कमी, आणि उन्हात नायलॉन व पॉलिप्रॉपिलीन दोघांपेक्षा जास्त टिकतो. ताडपत्रीच्या मुख्य दोरीसाठी मला विचाराल तर पहिला नंबर याचाच. पण गावातल्या दुकानात सगळ्या चकचकीत दोऱ्यांना 'नायलॉन' हेच नाव असतं! ओळखायचं कसं? एक छोटा तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. मग एक मीटरवर दोन खुणा करून तुकडा रात्रभर भिजवा, त्याला बादली टांगून पुन्हा मोजा. कोरड्यापेक्षा स्पष्ट लांब झाला तर नायलॉन.

हा प्रयोग मी आणि माझ्या रूममेटने मुलींच्या होस्टेलच्या गच्चीवर करून पाहिला. बादलीत दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि मोजपट्टी शिवणकामाची. वॉर्डन मॅडमनी "काय चाललंय?" म्हणून विचारलं, आम्ही "टेन्साइल टेस्ट" म्हटलं. त्या म्हणाल्या, "बादली परत जागेवर ठेवा."

पॅराकॉर्डचं नावही काहींनी ऐकलं असेल. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटला ही बारीक नायलॉन दोरी असे. बाहेर विणलेली नळी, आत सरळ धागे. तिला '५५०' म्हणतात कारण ती ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो सोसते. पिशवीत ठेवायला छान, पण आपलं गणित ४०० मागतं. शिबिराच्या छोट्या ताडपत्रीला चालेल, सुडीला नाही.

जास्त ताठ म्हणजे जास्त चांगलं?

आपल्याला वाटतं दोरी तबल्यासारखी वाजली पाहिजे. आता पाहा. दोन झाडांच्या मध्ये आडवी दोरी बांधली आणि मधोमध १० किलो भार आला. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशाने खाली झुकली असेल तर तिच्यातला ताण १० किलो. १५ अंशाने झुकली तर १९ किलो. पाचच अंशाने झुकली तर ५७ किलो! कारण ताण म्हणजे भार भागिले कोनाच्या साइनची दुप्पट, आणि कोन लहान झाला की साइन लहान होतो. दोरी पूर्ण आडवी ठेवायची असेल तर ताण अनंत लागेल. म्हणजे अशक्य.

आता त्यात पाण्याची भर घाला. ताडपत्रीच्या एका चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ५० लिटर, म्हणजे ५० किलो. तो सगळा भार पाच अंशांच्या दोरीच्या मध्यावर आला तर ताण २८७ किलो. म्हणून ताडपत्रीला उतार द्या, पाणी साचू देऊ नका, आणि आडव्या दोरीला थोडा झोल राहू द्या.

इलॅस्टिक कुठे, कशाला?

क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो. चेंडूची ऊर्जा तीच असते, पण ती जास्त अंतरात थांबवली की हाताला जोर कमी लागतो. ताडपत्रीच्या कोपऱ्यावरच्या इलॅस्टिकचं काम हेच. झोत आला की कोपरा थोडा वर जातो, रबर ताणतं, झोत गेला की परत ओढतं. ताठ दोरीला तीच ऊर्जा एक-दोन सेंटिमीटरमध्ये थांबवावी लागते, म्हणून जोर कडीवर येतो आणि कडी उपटते.

दुसरा फायदा म्हणजे नायलॉन भिजून सैल झाला की रबर तो झोल ओढून घेतं. रात्री उठून दोऱ्या ताणायला लागत नाहीत.

बाजारात मोटारसायकलवर सामान बांधायचं जे हुकवालं रबर मिळतं, त्यात आत रबराचे बारीक धागे आणि वरून विणलेलं कव्हर असतं. याच जातीचं जाड रबर लावून १९७९ मध्ये १ एप्रिलला ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून चौघांनी उड्या मारल्या आणि बंजी जम्पिंग सुरू झालं. पण ते रबर बहुतेक नैसर्गिक असतं, आणि नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतला ओझोन खातो. ताणून ठेवलेल्या रबरावर आडव्या भेगा पडतात त्या याच. कव्हरच्या आत त्या दिसत नाहीत, हाच धोका. त्यापेक्षा टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बऱ्या. पुष्कळ ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात आणि ब्युटाइल ओझोनला चांगलं तोंड देतं. पट्टी उघडी असल्याने भेग लगेच दिसते, आणि पंक्चरवाले दादा जुनी ट्यूब अशीच देऊन टाकतात. पट्टी आडवी न कापता लांबीत कापा, कडेला कात्रीची खाच राहू देऊ नका. खाचेपासूनच फाटायला सुरुवात होते, स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन!

इलॅस्टिकचे तीन नियम मात्र पक्के:

एक. सगळीकडे इलॅस्टिक लावू नका. सगळे कोपरे रबरावर असले की ताडपत्री फडफडते, आणि फडफडीनेच कड्या सैल होतात. वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे पुरे. मधली आडवी दोरी कधीही रबराची नको.

दोन. प्रत्येक रबराच्या जोडीला एक साधी दोरी थोडी सैल बांधा. रबर त्याच्या लांबीच्या निम्म्याने ताणलं की ती दोरी ताठ व्हायला हवी. रबर तुटलं तरी कोपरा सुटणार नाही, आणि रबर मर्यादेबाहेर ताणलं जाणार नाही.

तीन. लोखंडी हुकाचं रबर ताणताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका. हुक सुटला तर तो गोफणीतल्या दगडासारखा येतो आणि डोळा जाऊ शकतो. हुकाऐवजी गाठ मारलेली पट्टी सुरक्षित.

सुडीवर टांगलेले दगड

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग. मामांच्या गावात सुडीवर ताडपत्री टाकली की तिच्यावरून आडवे दोर टाकतात आणि दोराच्या दोन्ही टोकांना दगड किंवा मातीने भरलेली पोती टांगतात. मेखा नाहीत, रबर नाही. मला आधी हा जुगाड वाटला होता. मग सुडीचा विचार केला.

सुडी हे काही घर नाही. ती रोज दबते. आज मेखेला ताठ बांधलेला दोर चार दिवसांनी सैल पडलेला असतो, कारण सुडीच खाली बसलेली असते. रबर लावलं तर ते थोडा झोल ओढून घेईल, पण रबराचा जोर ताणावर अवलंबून. झोल वाढला की जोर कमी. टांगलेल्या दगडाचं तसं नाही. सुडी एक वीत दबली, दगड एक वीत खाली आला, दोरातला ताण तोच! पंधरा किलोचा दगड आज पंधरा किलोने ओढतो आणि आठव्या दिवशीही पंधरा किलोनेच. आपल्या भाषेत हा 'कॉन्स्टंट फोर्स' यंत्रणेचा नमुना आहे, फक्त शून्य रुपयांत.

मर्यादा आहेच. आठ दोर, दोन्ही टोकांना पंधरा किलो, म्हणजे २४० किलो झाले. आपल्या गणितात मोठ्या झोताला ४९० लागतात. म्हणून दगडांसोबत वाऱ्याच्या बाजूला तीन-चार दोर मेखांनाही बांधावेत, थोडे सैल. रोजच्या वाऱ्याला दगड, मोठ्या झोताला मेखा. दगड जमिनीपासून वीतभर वरच ठेवा, उंच टांगला तर वाऱ्याने झोके खातो. तो जमिनीला टेकला तर दोर वर ओढून पुन्हा बांधा, कारण टेकलेला दगड ताण देत नाही.

आणि एक गोष्ट. ओली सुडी सगळीकडून गच्च गुंडाळू नका. आतला ओलावा ताडपत्रीला खालून थेंब होऊन चिकटतो, सुडी आत तापते आणि बुरशी येते. खालची कड हातभर उघडी ठेवा आणि कडक ऊन पडलं की ताडपत्री उघडा. मग ती पुन्हा पटकन बांधता यायला हवी, म्हणजेच गाठ महत्त्वाची.

गाठ, कडी, मेख

निरगाठ म्हणजे ओढली की आवळत जाणारी, सोडायला दात लागणारी गाठ. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी. आठवडी बाजारातल्या दुकानदारांचं पाल पाहा, सगळ्या सुरगाठी. अवेळी पाऊस आला तर क्षणात पाल खाली आणि माल आत. ताडपत्रीच्या कडीला निरगाठ, मेखेकडे सुरगाठ, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

ताण देण्यासाठी ट्रकवाल्यांची गाठ शिका. दोरीच्या मध्ये एक फासा करायचा, टोक मेखेखालून फिरवून त्या फाश्यातून आणायचं आणि खाली ओढायचं. ही दोरीचीच पुली झाली. कागदावर जोर तिप्पट होतो, घर्षणामुळे प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी, पण हाताने ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त. फक्त वरचा साइनचा हिशोब विसरून झपाटल्यासारखं ओढू नका.

कडी तुटली असेल तर ताडपत्री फेकू नका. लिंबाएवढा गोल, गुळगुळीत दगड ताडपत्रीच्या आत धरा, बाहेरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळा. भार एका भोकावर न येता मोठ्या गोलावर पसरतो. ही युक्ती कडीपेक्षा कमजोर नाही.

मेख ताडपत्रीपासून बाहेरच्या बाजूला कललेली असावी, दोरी आणि मेख यांच्यात साधारण काटकोन. पण आपली काळी माती ओली झाली की लोण्यासारखी होते आणि वीतभर मेख अलगद बाहेर येते. तिथे दोन हात खोल मेख ठोका, किंवा मातीने भरलेलं पोतं खड्ड्यात आडवं पुरून त्याला दोर बांधा. मुरमाड जागेत मेख छान धरते, फक्त ठोकायला पहार लागते.

शिबिरासाठी यादी

यंदा एन.एस.एस.ला जाणाऱ्यांनी ही यादी कापून ठेवा. मधल्या आडव्या दोरीसाठी ६ ते ८ मिलिमीटर पॉलिएस्टर, नाही मिळाली तर नवी पॉलिप्रॉपिलीन, १५ मीटर. कोपऱ्यांसाठी ६ मिलिमीटरचे तीन-तीन मीटरचे दहा तुकडे, टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केलेली. ट्यूबच्या चार पट्ट्या. बारा मेखा, एक हातोडा. चार रिकामी पोती, माती गावात मिळेल. सुतळीचा एक गुंडा, पण फक्त बॅनर बांधायला!

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. ढग दाटले, विजा चमकायला लागल्या, की माणसं सुडी झाकायला शेतात धावतात. मोकळ्या रानात, उंच सुडीवर, ओला दोर हातात घेऊन. वीज पडून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या भागात दरवर्षी येतात, आणि त्यातले कित्येक जण असंच काही झाकायला गेलेले असतात. सोयाबीन दीड लाखाचं असेल, माणूस त्यापेक्षा महाग आहे. म्हणून दोर आधीच कापून, कडीला बांधून, मेखेजवळ ठेवलेले हवेत. दुपारी ऊन असतानाच ताडपत्री घाला. पुण्याच्या आयआयटीएमने बनवलेलं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं, ते घरच्यांच्या मोबाइलवर टाकून द्या. आणि गडगडाट सुरू झालाच तर सुडी सोडून घरात या, मग ताडपत्री उडाली तरी उडू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की एकदा सुडीभोवती चक्कर मारा आणि दोर चोळून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली तर बाजारातून नवी दोरी आणा. चार वर्षांच्या फीमधून शिकलेलं थोडंसं तरी घरच्या कामी येईल, आणि बाबा मनात म्हणतील, पोरगी काहीतरी शिकली बुवा!